डेम्लो संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ : गुणधर्म, कारणमीमांसा आणि व्यवहारातील उपयोग

बीजसंज्ञा : डेम्लो संख्या, हर्षद संख्या, स्थानिक किंमत, हातचा, ताळा, द. रा. कापरेकर

प्रस्तावना :

काही वर्षांपूर्वी ग्रामीण भागातील एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांच्या बँक खात्यांची यादी संगणकावर तयार करण्यात आली. यादी संकेतस्थळावरून उतरवून घेतली होती, ती स्प्रेडशीटमध्ये उघडून नीटनेटकी केली गेली आणि जतन करून पुढे पाठवली गेली. काही आठवड्यांनी असे लक्षात आले की, ज्या विद्यार्थ्यांची खाती एका विशिष्ट बँकेत होती त्यांपैकी जवळजवळ कोणाच्याच खात्यात रक्कम जमा झालेली नाही. त्या खात्यांचे क्रमांक सोळा आकडी होते आणि पाठवलेल्या यादीत त्या प्रत्येक क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होता. टंकलेखन करणाऱ्या लिपिकावर प्रथम संशय घेण्यात आला, आणि ते अत्यंत अन्यायकारक होते. दोन सत्रे शुल्काची जुळवाजुळव करणाऱ्या मुलामुलींमध्ये वाड्यापाड्यांतून रोज पायपीट करून येणारी मुलेही होती.

प्रस्तुत लेखक त्या वेळी तेथे गणित शिकवीत होता. सहकाऱ्यांना घडले काय हे समजावून सांगण्यासाठी त्याने त्याच संगणकावर १११११११११ या नऊ आकडी संख्येचा वर्ग काढून दाखवला. संगणकाने उत्तर दिले १२३४५६७८९८७६५४३००. खरे उत्तर आहे १२३४५६७८९८७६५४३२१. या दुसऱ्या संख्येची बांधणी इतकी स्पष्ट आहे की, गणिताशी संबंध नसलेल्या सहकाऱ्यालाही यंत्राची चूक तत्क्षणी दिसली. लिपिकावरील आळ तेथेच संपला. पुढे शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील विद्यार्थ्यांना शिकवताना हीच संख्या पुन्हा पुन्हा उपयोगी पडली. तिचे गुणधर्म, त्यांमागील कारणे आणि त्यांचा व्यवहारातील उपयोग अन्य विद्याशाखांतील प्राध्यापकांपुढे मांडणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. शालेय बीजगणितापलीकडील ज्ञान येथे गृहीत धरलेले नाही.

संख्येचे वाचन व आकारमान :

सतरा आकडी संख्या वाचणे हेच मुळी आपल्या विद्यार्थ्यांना अवघड जाते. भारतीय पद्धतीने स्वल्पविराम दिल्यास ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी लिहिली जाईल. व्यवहारातील भाषेत ती ‘एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव’ कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस अशी वाचावी लागेल, म्हणजे ‘कोटी’ हा शब्द दोनदा उच्चारावा लागेल. कोटीच्या पुढील स्थानांची नावे आपल्या बोलण्यातून जवळजवळ गेली आहेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) मात्र एक या स्थानापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिलेली आहेत. त्या गणनेप्रमाणे आपल्या संख्येतील डावीकडचा पहिला १ हा ‘मध्य’ या सतराव्या स्थानी येतो आणि मधोमध असलेला ९ हा ‘अर्बुद’ म्हणजे दशकोटीच्या स्थानी येतो. भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. परार्धापर्यंत सहज जाणारी ही परंपरा आपल्याच मातीतील आहे, हे वर्गात सांगण्यासारखे आहे.

आकारमानाची कल्पना यावी यासाठी शहापूर तालुक्यातील भातसा धरणाचे उदाहरण घेता येईल. मुंबई महानगरपालिकेच्या आकडेवारीनुसार या धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ७,१७,००० दशलक्ष लिटर आहे. आपल्या संख्येइतके लिटर पाणी हवे असेल तर भातसा सतरा हजारांहून अधिक वेळा काठोकाठ भरावा लागेल. दरवर्षी एकदा भरतो असे धरले तर सतरा हजार पावसाळे. इतकी मोठी संख्या असूनही तिचे स्वरूप पाठ करण्यास चौथीच्या मुलालाही अर्धे मिनिट पुरते. मोठेपणा आणि गुंतागुंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही बाब विद्यार्थ्याच्या लक्षात आणून देण्यास याहून चांगले साधन प्रस्तुत लेखकास सापडलेले नाही.

येथे थोडे विषयांतर. २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘एकवीस’ बरोबर ‘वीस एक’ असे संख्यावाचन दिल्यावरून राज्यात मोठा वाद झाला. भाषेच्या अंगाने त्यावर बरेच बोलले गेले. पण मराठीत आपण आधी एकक उच्चारतो आणि लिहिताना आधी दशक लिहितो, यामुळे मुलांच्या मनात जो गोंधळ होतो तो खरा आहे. ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहिणारे विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षातही भेटतात. आपली संख्या उलटसुलट सारखीच असल्यामुळे तिच्या बाबतीत तरी हा धोका नाही.

नाणेघाटातील अंक :

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची चढण सुरू होते. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्रसिद्ध शिलालेख आहे. त्याचा काळ सामान्यतः इ. स. पूर्व दुसरे ते पहिले शतक असा मानला जातो. यज्ञांत दिलेल्या दानांची त्यात मोजदाद आहे आणि ती अंकांत आहे. भारतातील अगदी जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत त्याची गणना होते. भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांच्यासारख्या विद्वानांनी या लेखाचा अभ्यास केला. आपल्या पायाशी असलेल्या या लेखाकडे इतिहास विभाग जेवढ्या आस्थेने पाहतो तेवढ्या आस्थेने गणित विभागाने पाहिलेले नाही.

या अंकलेखनाचे वैशिष्ट्य असे की, त्यात स्थानिक किंमत नाही आणि शून्यही नाही. शंभरासाठी वेगळे चिन्ह, ऐंशीसाठी वेगळे, नऊसाठी वेगळे. १८९ ही संख्या या तीन चिन्हांची बेरीज म्हणून लिहिली जाते. २४,४०० ही संख्या वीस हजार, चार हजार आणि चारशे यांची चिन्हे शेजारी शेजारी ठेवून व्यक्त होते. आता समजा, नागनिकेच्या लेखनिकाने १११ चा वर्ग काढला असता. त्याला उत्तर मिळाले असते दहा हजार, दोन हजार, तीनशे, वीस आणि एक. आपण त्यालाच १२३२१ म्हणतो आणि त्यातील सौंदर्य आपल्याला लगेच दिसते. त्याला ते दिसले नसते. कारण त्याच्या लेखनात पहिला ‘दहा हजार’ आणि शेवटचा ‘एक’ ही दोन सर्वस्वी भिन्न चिन्हे आहेत. अंक चढत जाऊन उतरत येतात हा आकृतिबंध संख्येचा नसून संख्या लिहिण्याच्या पद्धतीचा आहे. स्थानिक किमतीची पद्धत रूढ झाल्यावरच तो दृष्टीस पडणे शक्य होते.

आणि तो पडलाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातील महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या नवव्या शतकातील ग्रंथात, एकापासून सहापर्यंत चढत जाऊन पुन्हा क्रमाने उतरणारी संख्या, म्हणजे १२३४५६५४३२१, उल्लेखिलेली आहे. ही संख्या म्हणजे १११११ च्या पुढील, सात एकांनी बनलेल्या १११११११ या संख्येचा नव्हे, तर १११११ आणि त्यावर एक अधिक १ अशा सहा आकडी १,११,१११ चा वर्ग होय. (येथे एक मोजताना नेहमी चूक होते, म्हणून स्वल्पविराम देऊनच लिहिणे श्रेयस्कर.)

देवळालीचे शिक्षक आणि डोंबिवलीचे स्थानक :

या कुळातील संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. शालेय शिक्षण ठाण्यात व पुढील शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. विद्यार्थिदशेतच १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली बी. एस्सी. झाल्यावर १९३० ते १९६२ या काळात त्यांनी नाशिकजवळ देवळाली येथे शाळेत अध्यापन केले. पदव्युत्तर पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

‘डेम्लो’ हे त्यांना ही कल्पना सुचली त्या रेल्वे स्थानकाचे नाव. जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर असलेले हे स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. आसनगाव, आटगाव, खर्डी येथून रोज लोकलने ये-जा करणारे आपले सहकारी आणि मुरबाडहून एस. टी. ने कल्याणला येऊन पुढे गाडी पकडणारे विद्यार्थी या स्थानकावरून नित्य जातात. गणितातील एका संज्ञेला त्याचे नाव आहे हे त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असते.

कापरेकरांनी १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या ‘शोधून काढली’ असे म्हणणे योग्य होणार नाही. तिच्या जातीच्या संख्या हजार वर्षांपूर्वी माहीत होत्या हे वर आलेच आहे. त्यांचे श्रेय वेगळे आहे. त्यांनी या संख्यांना एका व्यापक व्याख्येत बसवले. डेम्लो संख्येचे तीन भाग असतात : डावा, मधला आणि उजवा. मधल्या भागात एकच अंक एकदा किंवा अनेकदा येतो आणि डाव्या व उजव्या भागांची बेरीज केली असता तोच अंक पुन्हा पुन्हा येतो. उदाहरणार्थ, १६५ मध्ये १ आणि ५ यांची बेरीज ६. २५५३ मध्ये २ आणि ३ यांची बेरीज ५. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ यांची बेरीज ७. आता आपली संख्या घ्या. डावा भाग १२३४५६७८, मधला ९, उजवा ८७६५४३२१. डाव्या-उजव्याची बेरीज ९९९९९९९९. वर्गांच्या माळेतील १, १२१, १२३२१ इत्यादी संख्यांना त्यांनी ‘वंडरफुल डेम्लो’ असे संबोधले आणि १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. १९३९ साली के. आर. गुंजीकर यांच्यासमवेत त्यांनी या संख्यांची उपपत्ती मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात मांडली.

एका माध्यमिक शिक्षकाच्या या कामाकडे तत्कालीन विद्यापीठीय गणितज्ञांनी मनोरंजन म्हणून पाहिले. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यानंतर त्यांचे नाव जगभर गेले. तोवर कापरेकर सत्तरीत पोहोचले होते.

रचनेचे कारण :

१११११११११ ला त्याच संख्येने गुणताना आपण काय करतो ? गुणक नऊ एकांचा असल्यामुळे गुण्य संख्याच नऊ वेळा, प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकवून, खाली लिहितो आणि बेरीज करतो. सर्वांत उजव्या रकान्यात एकच १ येतो, त्याच्या डावीकडे दोन, मग तीन, आणि असे करत मधल्या रकान्यात नऊ. त्यानंतर ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून आठ, सात, सहा. प्रत्येक अंक म्हणजे त्या रकान्यातील एकांची मोजणी आहे. कोणत्याही रकान्याची बेरीज ९ च्या पुढे जात नसल्यामुळे कोठेही हातचा येत नाही, आणि म्हणून मोजणी जशीच्या तशी अंक म्हणून उमटते. संपूर्ण रहस्य एवढेच आहे.

हेच बीजगणिताच्या भाषेत मांडले तर अधिक हाती लागते. १ + क्ष + क्ष² + … + क्ष⁸ या राशीचा वर्ग केला तर सहगुणक अनुक्रमे १, २, ३, …, ९, …, ३, २, १ असे येतात. क्ष = १० ठेवले की आपली संख्या मिळते. क्ष = १०० ठेवले तर १०१०१०१०१०१०१०१०१ चा वर्ग १०२०३०४०५०६०७०८०९०८०७०६०५०४०३०२०१ असा येतो. क्ष = १ ठेवले तर अंकांची बेरीज मिळते : नऊचा वर्ग, म्हणजे ८१. क्ष = उणे १ ठेवले तर एकाआड एक अधिक-उणे चिन्हे देऊन केलेली बेरीज मिळते, ती १ येते; म्हणजेच या संख्येला ११ ने भागल्यास बाकी १ उरते. एकाच राशीत चार वेगवेगळ्या किमती घालून चार निष्कर्ष निघतात. दशमान पद्धतीऐवजी दहाहून मोठा कोणताही पाया घेतला, उदाहरणार्थ संगणकशास्त्रातील सोळाचा, तरी हेच अंक लिहिल्यास तयार होणारी संख्या पूर्ण वर्गच असेल, हेही त्यातून आपोआप सिद्ध होते.

दहा एक घेतले की काय होते, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. मधल्या रकान्यात आता दहा येतात. तेथे ० लिहून हातचा १ डावीकडे जातो. डावीकडे ९ असतातच, तेही दहा होतात. तेथेही ० आणि हातचा १. त्यापुढील ८ चे ९ होतात व हातचा थांबतो. म्हणून १११११११११११ नव्हे, तर बरोबर दहा एकांच्या, म्हणजे १,११,११,११,१११ या संख्येचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. मांडणी मोडली. पण ती मोडली कशी याकडे लक्ष द्यावे : ८ हा अंक डाव्या भागातून नाहीसा झाला आहे. अंकांची बेरीज हातचे नसते तर १०० आली असती. प्रत्येक हातच्यामागे दहा जाऊन एक येतो, म्हणजे नऊ कमी होतात. हातचे दोन, म्हणून बेरीज ८२. पडताळून पाहावे.

अवयव आणि नाहीसा झालेला आठ :

नऊ एकांची संख्या १११ आणि १००१००१ यांचा गुणाकार आहे. १११ म्हणजे ३ × ३७. १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. ३७ आणि ३३३६६७ या दोन्ही मूळ संख्या आहेत. म्हणून आपल्या संख्येचे मूळ अवयव ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा असे होतात. यावरून तिचे एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. विभाजकांची संख्या विषम आली, कारण पूर्ण वर्गाच्या बाबतीत ती नेहमीच विषम येते.

३७ × ३३३६६७ = १२३४५६७९. येथे पुन्हा तोच गहाळ झालेला ८. ही संख्या ९ ने गुणली की नऊ एक मिळतात, ६३ ने गुणली की नऊ सात मिळतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात हा खेळ अनेकांनी पाहिला असेल. ८ का नाही याचे कारण दशांश अपूर्णांकात आहे. १ ला ८१ ने भागल्यास ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा आवर्ती अपूर्णांक येतो. वस्तुतः तेथे ०, १, २, ३, …, ८, ९, १०, ११ अशा सर्व संख्या ओळीने एकेका घरात बसू पाहत असतात. दहाला एका घरात जागा नाही. त्याचा हातचा ९ ला लागतो, ९ चे दहा होऊन त्यांचा हातचा ८ ला लागतो आणि ८ चा ९ होतो. दहा एकांच्या वर्गात जे घडले तेच येथे घडते.

केवळ १ हाच अंक असलेल्या संख्यांना इंग्रजीत रेप्युनिट म्हणतात. एकांची एकूण मोजणी संयुक्त असेल तर रेप्युनिटही संयुक्तच असते, जसे नऊच्या बाबतीत तीनच्या आधारे अवयव पडले. उलट मोजणी मूळ असली म्हणून रेप्युनिट मूळ असतेच असे नाही. १११ हेच त्याचे उदाहरण. २, १९, २३, ३१७ आणि १०३१ एकांच्या संख्या मूळ आहेत. ४९०८१ एकांची संख्या मूळ असल्याचे २०२२ साली सिद्ध झाले. अशा मूळ संख्या अनंत आहेत काय, याचे उत्तर अद्याप कोणाजवळही नाही.

हर्षद :

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हणजे आनंद देणारी असे नाव दिले. (१९७७ साली आयव्हन निव्हेन यांनी दिलेल्या व्याख्यानानंतर पाश्चात्त्य लिखाणात याच संख्यांना निव्हेन संख्या असेही म्हटले जाऊ लागले. आपण मूळचे नाव सोडण्याचे कारण नाही.) आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. तिच्या अवयवांत ३ चार वेळा आहे, म्हणजे ८१ ने भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. म्हणून ही डेम्लो संख्या हर्षदही आहे.

मग माळेतील इतर संख्यांचे काय ? १२१ च्या अंकांची बेरीज ४, भाग जात नाही. १२३२१ ची बेरीज ९, भाग जातो. सर्वसाधारण विचार असा : न एकांच्या संख्येचा वर्ग घेतला आणि न हा ९ किंवा त्याहून लहान असेल, तर अंकांची बेरीज न² असते. न² ने वर्गाला भाग जाण्याची अट आणि न ने मूळच्या रेप्युनिटला भाग जाण्याची अट एकच आहे. रेप्युनिट विषम असते, म्हणून २, ४, ६, ८ बाद. तिच्या शेवटी १ असतो, म्हणून ५ बाद. ११११११० ला ७ ने भाग जातो, म्हणून सात एकांच्या संख्येला भागल्यास बाकी १ उरते; ७ बाद. राहिले १, ३ आणि ९. नऊ वंडरफुल डेम्लो संख्यांपैकी केवळ १, १२३२१ आणि १२३४५६७८९८७६५४३२१ या तीनच हर्षद आहेत. ही सिद्धता पदवीच्या प्रथम वर्षातील विद्यार्थी फळ्यावर स्वतः पूर्ण करू शकतो, असा अनुभव आहे.

आणखी एक पायरी. आपल्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने गुणले तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो : ९९९९९९९९८००००००००१. याचे नऊ-नऊ अंकांचे दोन तुकडे करून बेरीज केली, तर ९९९९९९९९८ + १ = ९९९९९९९९९, म्हणजे वर्ग केलेली संख्याच परत येते. या गुणधर्माच्या संख्यांना (४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५) आज जग कापरेकर संख्या म्हणून ओळखते. कापरेकरांच्या तीन स्वतंत्र कल्पना अशा रीतीने या एका संख्येपाशी एकत्र येतात.

यंत्राची मर्यादा आणि ताळा :

आता प्रस्तावनेतील शून्याकडे वळू. साधा गणनयंत्र दहा अंक दाखवतो, म्हणून तो आपली संख्या १.२३४५६७८९९ गुणिले दहाचा सोळावा घात अशी दाखवून मोकळा होतो. निदान तो आपली मर्यादा लपवीत नाही. प्रचलित स्प्रेडशीट मात्र पंधरा अंकांपर्यंत अचूक राहते व पुढील अंकांच्या जागी शून्ये ठेवते. अनेक संगणकीय भाषांतील दशांशयुक्त संख्यांचा साचा द्विमान पद्धतीत ५३ घरांचा असतो. त्यामुळे २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंत, प्रत्येक पूर्णांक अचूक मावतो. त्यापुढे काही अंतरापर्यंत फक्त सम संख्याच मावतात. आपली संख्या ही सीमा ओलांडते आणि ती विषम आहे. म्हणून त्या साच्यात तिची १२३४५६७८९८७६५४३२० होते. पायथॉनसारख्या भाषेत पूर्णांक म्हणून लिहिल्यास उत्तर शेवटच्या अंकापर्यंत बरोबर येते.

बारा आकडी आधार क्रमांक या पंधराच्या मर्यादेत बसतो, म्हणून त्याचे काही बिघडत नाही. सोळा आकडी खाते क्रमांकाचा सोळावा अंक मात्र जातो, आणि यादी एकदा जतन केली की तो परत मिळवता येत नाही. यंत्राच्या दृष्टीने ही चूकच नाही. क्रमांक ही मोजण्याची संख्या आहे असे त्याने गृहीत धरले; वस्तुतः ते नाव आहे. खाते क्रमांकांची बेरीज कोणी करीत नाही. म्हणून असा रकाना भरण्यापूर्वीच त्याचे स्वरूप ‘मजकूर’ असे ठरवून घेणे, आणि संकेतस्थळावरून उतरवलेली यादी थेट न उघडता त्या रकान्याचा प्रकार सांगून आत घेणे, एवढी दक्षता पुरेशी आहे.

गणिताच्या उत्तरांबाबत आपल्या आजोबांच्या पिढीची ताळा पाहण्याची रीत अजूनही कामाची आहे. नऊ एकांच्या संख्येची अंकबेरीज ९, म्हणून वर्गाचा नवाचा ताळा शून्य यायला हवा. १२३४५६७८९८७६५४३२१ ची बेरीज ८१, ताळा शून्य. यंत्राच्या …३०० ने संपणाऱ्या उत्तराची बेरीज ७८, नऊने भागून बाकी ६. …३२० ने संपणाऱ्याची बेरीज ८०, बाकी ८. दोन्ही उत्तरे चूक आहेत हे कागदावर अर्ध्या मिनिटात कळते.

तथापि नवाचा ताळा आंधळेपणाने वापरू नये. ९ च्या जागी ० पडला किंवा दोन अंकांची अदलाबदल झाली तर त्याला काहीच कळत नाही. अकराच्या ताळ्याला, म्हणजे एकाआड एक अधिक-उणे केलेल्या बेरजेला, एका अंकातील कोणताही बदल आणि शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल या दोन्ही चुका सापडतात. आपल्या संख्येसाठी तो १ यायला हवा. …३०० साठी तो २ येतो. नियतकालिकांच्या आय. एस. एस. एन. क्रमांकाचा शेवटचा अंक अकराच्या भागाकारावरूनच ठरतो, मात्र तेथे प्रत्येक स्थानाला वेगळा भार दिलेला असतो. बाकीची किंमत दहा आली तर एका घरात दहा लिहिता येत नाही, म्हणून तेथे एक्स हे रोमन अक्षर योजतात. आपल्यापैकी प्रत्येकाने गुणांकनासाठी हा क्रमांक कधी ना कधी अर्जात लिहिला आहे, पण त्या एक्सचा अर्थ विचारणारा सहकारी प्रस्तुत लेखकाला आजवर एकच भेटला, आणि तो ग्रंथपाल होता.

त्या महाविद्यालयातील यादी शेवटी पासबुके मागवून हाताने दुरुस्त करावी लागली. ज्या मुलांकडे पासबुक घरी होते ती दुसऱ्या दिवशी घेऊन आली; दोघीजणींना त्यासाठी बँकेच्या शाखेत पुन्हा जावे लागले. सोळावा अंक लिहिताना लिपिकाने प्रत्येक क्रमांक दोनदा मोठ्याने वाचून घेतला, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून.